पॉलिथिन एकच, मग पिशवी मऊ आणि पाइप ताठ कसा? (प्लास्टिकची रचना, गुणधर्म आणि उपयोग)

साखळी_सुटी

वस्तू हातात घेऊन "ही कशाची?" असं विचारलं आणि "पॉलिथिनची" असं उत्तर आलं की विषय संपला असं वाटतं. पण पॉलिथिन म्हणजे कुठलं? चुरगळली तरी आवाज न करणारी मऊ पिशवी पॉलिथिनची, कुरकुर वाजणारी पातळ पिशवीही पॉलिथिनची, जमिनीखाली पुरायचा काळा पाइपही त्याचाच आणि कृत्रिम सांध्यातली वाटीही त्याचीच. चौघांत अणू तेच: कार्बन, त्याला दोन हायड्रोजन, पुढे पुन्हा कार्बन. फरक आहे तो साखळी किती लांब, तिला फांद्या किती आणि थंड होताना ती कशी बसली यात. या धाग्यात त्यावरच बोलू.

फांद्यांपासून सुरुवात करतो. १९३३ मध्ये आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन यांच्या हाती पॉलिथिन लागलं ते प्रचंड दाबाखाली. एलडीपीई (कमी घनतेचं पॉलिथिन) आजही तसंच बनतं, १००० ते ३००० वातावरणांच्या दाबाला. त्या परिस्थितीत साखळीचं वाढतं टोक मधूनच मागे वळतं, स्वतःच्याच अंगातला एक हायड्रोजन ओढून घेतं आणि तिथून फांदी फुटते. दर हजार कार्बनमागे साधारण १५ ते ३० आखूड फांद्या, शिवाय काही चांगल्या लांबलचक. १९५३ मध्ये त्सिग्लर यांच्या उत्प्रेरकाने तेच काम कमी दाबात झालं आणि साखळ्या जवळजवळ सरळ निघाल्या. ते एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिन.

सरळ साखळी थंड होताना घडी घालत जाते आणि १०-२० नॅनोमीटर जाडीच्या स्फटिकी पट्ट्या तयार होतात. फांदी त्या घडीत मावत नाही, ती बाहेर राहते आणि तिथे घडी मोडते. म्हणून एलडीपीईमध्ये स्फटिकी भाग कमी आणि पट्ट्याही पातळ. पातळ पट्टी लवकर वितळते. आकड्यांत सांगायचं तर एलडीपीईची घनता ०.९१५ ते ०.९३० ग्रॅम प्रति घन सेंमी, वितळणं १०५-११५ अंश सेल्सिअसला. एचडीपीईची घनता ०.९४ ते ०.९६५, वितळणं १२८-१३५ अंशांना. घनतेतला फरक दिसायला किरकोळ आहे, पण ताठपणा तीन-चार पट वाढतो.

तिसरा भाऊ एलएलडीपीई, म्हणजे सरळ साखळीचं कमी घनतेचं पॉलिथिन. यात फांद्या आपण मुद्दाम लावतो: ब्यूटीन, हेक्झीन किंवा ऑक्टीन थोडं मिसळायचं. फांद्या आखूड, लांब फांदी नाही. फिल्म फाटायला चिवट होते, पण वितळलेल्या अवस्थेत दम कमी, त्यामुळे ब्लोन फिल्मचा फुगा (वितळलेला माल हवेने फुगवून फिल्म काढतात तो) डुलतो. त्यावर उपाय म्हणजे २०-३० टक्के एलडीपीई मिसळणं. त्याच्या लांब फांद्या एकमेकींत अडकतात आणि फुगा ताणला जाताना आवळून धरतात.

पीपी (पॉलिप्रॉपिलीन), पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं पॉलिएस्टर), पीव्हीसी (पॉलिव्हिनाइल क्लोराइड), नायलॉन यांच्यावर जाणकारांनी भर घालावी.

टीपकागद

वाचतोय. एक बाळबोध शंका: स्फटिकी म्हणजे काचेसारखं पारदर्शक ना? मग एचडीपीईची बाटली दुधट आणि पॉलिस्टायरीनचा पेला लख्ख का?

दाणेदार

उलट आहे. "स्फटिक" शब्दामुळे हा गोंधळ बहुतेकांचा होतो. प्लास्टिक पूर्ण स्फटिकी कधीच नसतं. स्फटिकी पट्ट्या आणि त्यांच्यामधला विस्कटलेला भाग यांची घनता वेगळी, म्हणून अपवर्तनांक वेगळा. त्यातून स्फेरुलाइट नावाचे गोळे तयार होतात. ते प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा मोठे असले की प्रकाश विखुरतो आणि वस्तू दुधट दिसते. पॉलिस्टायरीन, ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट हे मुळात अस्फटिकी. आत कुठे सीमारेषाच नाही, प्रकाश आरपार.

पॉलिस्टायरीन अस्फटिकी का, तर त्याच्या साखळीला लटकलेली बेंझिनची कडी कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, काही ताळमेळ नाही. अशा साखळ्या एकीला एक लावून रचता येत नाहीत. पीपीमध्ये नेमकं उलट. नाट्टा यांनी १९५४ मध्ये सगळे मिथिल गट एकाच बाजूला असलेलं पीपी बनवलं, ते स्फटिकी झालं आणि १६०-१६५ अंशांपर्यंत वितळत नाही. गटांची बाजू बेशिस्त ठेवली तर तेच पीपी चिकट, मेणचट राहतं. त्याचा उपयोग डिंकात आणि डांबरात मिसळायला. सूत्र तेच, पण एकाचं झाकण होतं आणि दुसऱ्याचा गोंद.

पीपी पारदर्शक हवं असेल तर स्फेरुलाइट बारीक करावे लागतात. सॉर्बिटॉलच्या जातीचा क्लॅरिफायर ०.२ टक्क्याच्या आसपास टाकतात. प्रत्येक कण एका स्फटिकाचं बी होतो, असंख्य बिया म्हणजे इवलेसे स्फटिक.

जाता जाता एक गंमत: पॉलिमिथाइलपेंटीन स्फटिकी असूनही पारदर्शक असतं. त्याच्या स्फटिकी आणि विस्कटलेल्या भागांची घनता जवळपास सारखीच, ०.८३. फरकच नाही तर प्रकाश विखुरणार कशावर?

कडी_कोयंडा

चांगलं चाललंय. थोडक्यात, स्फटिकी प्लास्टिक चिवट आणि अस्फटिकी ठिसूळ, असं धरायला हरकत नाही ना?

दाणेदार

आहे हरकत. पॉलिस्टायरीन आणि पॉलिकार्बोनेट दोन्ही अस्फटिकी, दोन्ही पारदर्शक. एकाची पट्टी दोन बोटांत कटकन मोडते, दुसऱ्याचे सुरक्षा-चष्मे होतात.

इथे गुंता मोजावा लागतो. लांब साखळ्या सुताच्या गुंडीसारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात. एका अडकणीपासून पुढच्या अडकणीपर्यंतच्या तुकड्याचं रेणुभार पॉलिस्टायरीनमध्ये १७-१८ हजार आहे, पॉलिकार्बोनेटमध्ये जेमतेम दीड-दोन हजार. म्हणजे पॉलिकार्बोनेटमध्ये गाठी कितीतरी दाट. धक्का बसला की पॉलिकार्बोनेट मोठ्या भागात सरकून ऊर्जा पचवतं. पॉलिस्टायरीनमध्ये मात्र एखाद्या ओरखड्यापाशी सूक्ष्म भेगाळ रेषा (क्रेझ) उमटते आणि तिचीच पुढे चीर होते.

हिप्स, म्हणजे धक्का सोसणारं पॉलिस्टायरीन, हीच खोड वापरून घेतं. त्यात ५ ते १० टक्के रबर, एक-दोन मायक्रॉनच्या आसपासच्या गोळ्यांच्या रूपात. एका मोठ्या क्रेझऐवजी प्रत्येक गोळीपाशी लहान लहान हजारो क्रेझ होतात आणि ऊर्जा वाटली जाते. हिप्स वाकवलं की घडीवर पांढरं पडतं, ते पांढरं म्हणजे या क्रेझच. किंमत म्हणून पारदर्शकता जाते.

आणि हे सगळं तापमानावर अवलंबून. टीजी, म्हणजे काच-संक्रमण तापमान, हा आकडा पाठ असलेला बरा. त्याच्या खाली विस्कटलेला भाग गोठलेला, वर हलता. पॉलिथिन उणे ११० च्या खाली, पीपी शून्याच्या आसपास, नायलॉन ६ कोरडं असताना ५० च्या सुमारास, पीईटी ७०-७५, पीव्हीसी ८०, पॉलिस्टायरीन १००, ॲक्रिलिक १०५, पॉलिकार्बोनेट १४७ च्या आसपास. पीपी होमोपॉलिमरचा (निव्वळ पीपीचा) क्रेट शीतगृहात पडला की का फुटतो आणि एचडीपीईचा का नाही, याचं उत्तर याच ओळीत आहे. थंडीत पीपीच हवं असेल तर इम्पॅक्ट कोपॉलिमर घ्यायचं, त्यात इथिलीन-प्रॉपिलीन रबर असतं.

मोल्डवाला

वरच्या चर्चेत एक गोष्ट सुटतेय. रचना फक्त दाणा (प्लास्टिकचा कच्चा माल) बनवणाऱ्याच्या हातात नसते, साचा चालवणारासुद्धा ती ठरवतो. एकाच पोत्यातला दाणा, दोन सेटिंग, दोन वेगळ्या वस्तू.

साधं उदाहरण आकसण्याचं. एबीएस (रबर मिसळलेलं अस्फटिकी प्लास्टिक) किंवा पॉलिकार्बोनेट ०.४ ते ०.७ टक्के आकसतं. पीपी १ ते २.५ टक्के, एचडीपीई १.५ ते ४ टक्के. कारण स्फटिक बनताना साखळ्या जवळ येतात आणि आकारमान घटतं. साचा गरम ठेवला तर स्फटिकांना वेळ मिळतो, आकसणं वाढतं. जाड भाग पातळ भागापेक्षा हळू थंड होतो, म्हणून जास्त आकसतो आणि झाकण वाकडं होतं. एबीएससाठी कापलेल्या साच्यात पीपी चालवून "माप का चुकतं" विचारण्यात अर्थ नाही. आणि माप लगेच घेऊ नका. पीपी, एचडीपीईचं स्फटिकीकरण साच्याबाहेरही चालू राहतं, २४ ते ४८ तासांनी मोजा.

रंगही हे बिघडवतो, हे फार लोक लक्षात घेत नाहीत. थॅलोसायनिनचा निळा आणि हिरवा रंग एचडीपीईत, पीपीत स्फटिकाचं बी म्हणून काम करतो. पांढरं झाकण बरोबर बसतं आणि त्याच साच्यातलं, त्याच सेटिंगचं निळं झाकण वाकतं किंवा घट्ट होतं, ते यामुळे. अशा वेळी साच्याला हात लावण्याआधी मास्टरबॅच (रंगाचे घट्ट दाणे) बदलून पाहावा.

सुरवंट

मोल्डवाला, बिजागराबद्दल सांगाल का? झाकण आणि डबी एकसंध, मध्ये पातळ पट्टी. पीपीचे काही बिजागर हजारो वेळा उघडझाप करूनही टिकतात, काही पहिल्या आठवड्यात तुटतात. दाणा खराब म्हणायचा का?

मोल्डवाला

दाणा क्वचितच दोषी असतो. बिजागर टिकतो तो दिशेमुळे. वितळलेलं पीपी त्या अरुंद फटीतून जोरात जातं तेव्हा साखळ्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे बिजागराला आडव्या ओढल्या जातात. नंतर वाकवलं की त्या आणखी ताणल्या जातात. पट्टी मग एखाद्या दोरखंडासारखी होते, धागे या बाजूकडून त्या बाजूला गेलेले.

तपासायचं ते या क्रमाने:

जाडी ०.२५ ते ०.५ मिमी. जाड बिजागर मजबूत वाटतो आणि तोच आधी तुटतो, कारण वाकताना बाहेरच्या कडेवर ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो. पट्टीची रुंदी (उघडण्याच्या दिशेने) दीड मिमीच्या आसपास, दोन्ही टोकांना गोलाई, टोकदार कोपरा नको.

गेट (साच्यात माल शिरायची वाट) एकाच बाजूला, शक्यतो मोठ्या भागात, म्हणजे माल बिजागर ओलांडून एकदाच पलीकडे जाईल. दोन्ही बाजूंना गेट दिले की दोन प्रवाह नेमके बिजागरावर भेटतात आणि तिथे वेल्ड लाइन पडते. साखळ्या सांध्याला समांतर पसरतात, ओलांडत नाहीत. तो बिजागर तुटणारच, दाणा बदलून उपयोग नाही.

भरताना थांबणं नको. माल बिजागरापाशी आला आणि आधी डबी भरत बसला तर फटीतला माल गोठतो, मग उशिरा रेटा आला की थर सुटतात. इंजेक्शनचा वेग वाढवा, साचा फार थंड ठेवू नका.

साच्यातून निघाल्याबरोबर, गरम असतानाच, पूर्ण कोनात दोन-चार वेळा वाकवा. ही पायरी गाळली की अर्धं काम गेलं. नीट झालं असेल तर घडीवर बारीक पांढरी, चकाकणारी रेघ येते.

टाल्क किंवा काचतंतू भरलेलं पीपी बिजागराला नको. पॉलिस्टायरीन किंवा एबीएसचा बिजागर तर विसराच.

टीपकागद

ती पांढरी रेघ म्हणजे खराबी समजत होतो! +१

बाटलीबंद

पीईटी राहिलंय, ते माझ्याकडे. दिशा आणि थंड होण्याचा वेग या दोन्हींचा खेळ एका पाण्याच्या बाटलीत दिसतो, त्यासाठी कात्री पुरे.

बाटलीची आधी जाड नळी बनते, प्रीफॉर्म. वितळलेलं पीईटी थंड साच्यात झटकन गोठवलेलं असल्याने स्फटिक बनायला वेळच मिळत नाही, म्हणून ती नळी पारदर्शक. मग ती इन्फ्रारेड दिव्यांखाली ९५ ते ११० अंशांपर्यंत तापवतात, आतून दांडी घालून लांबीत ताणतात आणि हवेने रुंदीत फुगवतात. क्षेत्रफळात सुमारे दहा-बारा पट ताण बसतो. साखळ्या भिंतीच्या प्रतलात दोन्ही दिशांना आखल्या जातात आणि त्या ताणानेच बारीक स्फटिक बनतात, प्रकाश विखुरण्याइतके मोठे नाहीत. म्हणून भिंत पातळ, चिवट, आणि वायूही सावकाश सोडणारी.

आता कापून पाहा. गळ्याचा, आट्यांचा भाग ताणलेलाच नसतो. बुडाचा मधला ठिपकाही नाही. भिंतीची एक चौकोनी पट्टी आणि गळ्याची एक कडी कापा, दोन्ही ९० अंशांच्या पाण्यात सोडा. भिंतीची पट्टी आखडून गोळा होते, कारण ताणून गोठवलेल्या साखळ्यांना टीजी ओलांडताच परत आटायची मुभा मिळते. गळ्याची कडी मऊ पडते, पण तितकी आखडत नाही. मग तीच कडी १५० अंशांच्या हवेत पाच-दहा मिनिटं ठेवा. हळूहळू पांढरीफटक आणि कडक होते. हे स्फटिकीकरण. पातळ भिंत त्याच तापमानाला बरीचशी पारदर्शक राहते. ज्या बाटल्यांत गरम पेय भरतात त्यांचा गळा कधी मुद्दाम असा पांढरा केलेला दिसतो, झाकण बसवताना तो वाकू नये म्हणून.

कारखान्यात बाटली पांढरी निघाली तर आधी पांढरं कुठलं ते ओळखा, कारण उपाय उलटे आहेत. मोतिया, चमकदार, बोटाला किंचित खडबडीत पांढरं म्हणजे प्रीफॉर्म थंड होता, साखळ्या क्षमतेपलीकडे ओढल्या जाऊन सूक्ष्म पोकळ्या पडल्या. तापमान वाढवा. धुरकट, मंद पांढरं म्हणजे प्रीफॉर्म जास्त तापला आणि फुगण्याआधीच स्फटिक बनले. तापमान कमी करा. दोन्हींना "हेझ" म्हणून एकच नोंद करणाऱ्यांचा दिवस दिव्यांच्या सेटिंगशी झगडण्यात जातो.

दाणेदार

उत्तम. त्याला पुरवणी जोडतो: वाळवणं. पीईटी १६०-१७० अंशांना ४ ते ६ तास, हवेचा दवबिंदू उणे ४० च्या आसपास, ओलावा ५० पीपीएमच्या खाली. पॉलिकार्बोनेट १२० अंशांना ३-४ तास, ओलावा ०.०२ टक्क्याच्या खाली. कारण रचनेतच आहे. पीईटीच्या साखळीत एस्टर बंध आहेत, पॉलिकार्बोनेटमध्ये कार्बोनेट बंध, आणि वितळलेल्या तापमानाला पाण्याचा एक रेणू एक बंध तोडतो. साखळी मधोमध तुटली की रेणुभार थेट निम्मा. पॉलिकार्बोनेटवर चंदेरी पट्टे दिसले तर निदान कळतं तरी. पट्टे नसतानाही साखळ्या तुटलेल्या असू शकतात, वस्तू दिसायला सुरेख आणि पाडली की फुटते.

पॉलिथिन, पीपी यांच्या साखळीत पाण्याने तुटेल असा बंधच नाही, म्हणून त्यांना एवढे लाड लागत नाहीत.

कडी_कोयंडा

साखळीची लांबी मोजतात कशी? पोत्यावर "एमएफआय" लिहिलेलं असतं, तेच का?

दाणेदार

ते अप्रत्यक्ष माप. ठरलेल्या छिद्रातून, ठरलेल्या वजनाखाली १० मिनिटांत किती ग्रॅम माल वाहतो ते. पॉलिथिन १९० अंशांना, पीपी २३० अंशांना, वजन बहुधा २.१६ किलो. आकडा मोठा म्हणजे माल पातळ, म्हणजे साखळ्या आखूड. फिल्मचं एलडीपीई ०.३ ते २, पातळ भिंतीच्या डब्यांचं पीपी ३० च्या पुढे.

लक्षात ठेवायची मेख: साखळ्या गुंतायला लागल्या की चिकटपणा रेणुभाराच्या ३.४ व्या घाताने वाढतो. लांबी दुप्पट केली तर माल साधारण दहापट घट्ट. म्हणूनच सांध्यात वापरतात ते अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिन (रेणुभार तीस-साठ लाखांच्या घरात) वितळूनही वाहत नाही. ते इंजेक्शनने नाही, भुकटी दाबून आणि तापवून घडवतात, मग कातून आकार देतात. झिजेला मात्र त्याच्या तोडीचं प्लास्टिक शोधावं लागेल.

याच गणिताचा उपयोग भंगार तपासायला होतो. पीपीचा रनर (साच्यात माल नेणाऱ्या वाटेत गोठलेला तुकडा) दळून पुन्हा पुन्हा वापरला की एमएफआय वाढत जातो, साखळ्या तुटताहेत. एलडीपीईत उलटही होतं. उष्णतेने साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, एमएफआय घटतो आणि फिल्ममध्ये जेलचे दाणे दिसतात.

नळजोडणी

काळ्या पाइपचा उल्लेख धाग्याच्या सुरुवातीला आला, म्हणून लिहितो. पाइपचा शत्रू एकदम येणारा दाब नाही, वर्षानुवर्षं हळू वाढणारी चीर आहे. स्फटिकी पट्ट्या या विटा समजा, तर एका पट्टीतून निघून दुसरीत शिरणाऱ्या साखळ्या म्हणजे त्यांना बांधणारा चुना. अशा जोडसाखळ्या कमी असतील तर दीर्घकाळ ताणाखाली त्या एकेक सुटतात आणि पाइप अजिबात न फुगता, ठिसूळासारखा चिरतो.

जोडसाखळ्या वाढवायच्या तर साखळी लांब हवी आणि तिला मधूनमधून फांद्या हव्यात, म्हणजे ती एकाच पट्टीत पूर्ण घडी घालून बसणार नाही. पण नुसत्या लांब साखळ्या घेतल्या तर पाइप काढायलाच जमत नाही. म्हणून पीई १०० जातीत दोन गट मिसळतात. आखूड साखळ्या जवळजवळ फांद्यांशिवाय, त्या स्फटिक बनवतात आणि प्रवाह सोपा करतात. लांब साखळ्यांना मात्र फांद्या. नावातला १०० म्हणजे २० अंशांना ५० वर्षं सोसता यावा असा धरलेला १० मेगापास्कलचा (म्हणजे १०० बारचा) किमान ताण. काळा रंग शोभेचा नाही, २ ते २.५ टक्के कार्बन ब्लॅक अतिनील किरण अडवतो, पण नीट पसरलेला हवा. गाठ राहिली तर तिथूनच चीर सुरू होते.

चीर वाढवण्याचं काम साबणपाणी कित्येक पटींनी वेगात करतं. तपासणीही तशीच आहे: चीर दिलेल्या दहा पट्ट्या वाकवून साबणासारख्या द्रवात ५० अंशांना ठेवायच्या आणि निम्म्या किती तासांत चिरतात ते पाहायचं. द्रव पॉलिथिनला विरघळवत नाही, फक्त आधीच ताणात असलेल्या जागी शिरून साखळ्या सुटायला मदत करतो. म्हणून डिटर्जंटची बाटली घडीवर, कोपऱ्यावर किंवा झाकण जास्त आवळलेल्या गळ्याशी चिरते, सपाट भिंतीवर नाही. उपाय: घनता थोडी कमी, एमएफआय कमी, कोपऱ्याला गोलाई. फक्त भिंत जाड करून प्रश्न सुटत नाही.

केबल_कट

पीव्हीसीवर दोन परिच्छेद माझे.

पीव्हीसीच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनला एक क्लोरीन, वजनात सुमारे ५७ टक्के. क्लोरीन इलेक्ट्रॉन ओढतो, साखळ्या एकमेकींना धरून ठेवतात, म्हणून खिडकीची चौकट ताठ. वायरीचं आवरणही पीव्हीसीचंच, पण १०० भागांना ४०-५० भाग प्लास्टिसायझर घातलेलं. त्याचे लहान रेणू साखळ्यांमध्ये शिरून त्यांची पकड ढिली करतात आणि टीजी ८० वरून शून्याच्या आसपास किंवा खाली येतो. तो रेणू बांधलेला नसतो, नुसता बसलेला असतो. म्हणून तो निघूनही जातो. थर्मोकोलला (ते फेसाळलेलं पॉलिस्टायरीनच) टेकवून ओढलेली पीव्हीसी वायर पाहा: प्लास्टिसायझर पॉलिस्टायरीनमध्ये जातो, थर्मोकोल वितळल्यासारखं खोलगट होतं आणि वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं. दोन्ही बाजूंनी नुकसान. मध्ये पाइप किंवा पॉलिथिनचा थर हवा.

जास्त गरम झालं की पीव्हीसी वितळण्याआधीच हायड्रोजन क्लोराइड सोडू लागतं, आणि ते आम्ल पुढच्या विघटनाला हातभार लावतं. स्टॅबिलायझरशिवाय ते चालवताच येत नाही. केबलला जास्त तापमान हवं तर एक्सएलपीई, म्हणजे पॉलिथिनच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी जोडलेल्या. पीव्हीसी आवरणाला सततचे ७० अंश, एक्सएलपीईला ९०. शॉर्ट सर्किटच्या क्षणाला १६० विरुद्ध २५०. स्फटिक १०५-११० ला वितळतातच, पण जाळं एकसंध असल्याने माल ओघळत नाही. बेकेलाइट, मेलामाइन, इपॉक्सी हे याच वाटेने आणखी पुढे गेलेले, जाळं इतकं दाट की पुन्हा मऊ होतच नाहीत.

सुरवंट

नायलॉनचे गिअर पावसाळ्यात जाम होतात, त्याचा या सगळ्याशी संबंध?

मोल्डवाला

थेट. नायलॉनच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी जोडलेल्या असतात, पाण्यालाही तेच बंध आवडतात. नायलॉन ६ निम्म्या आर्द्रतेच्या हवेत अडीच-तीन टक्के पाणी घेतं, बुडवून ठेवलं तर नऊ-दहा टक्के. माप वाढतं, ताठपणा सुमारे ३ गिगापास्कलवरून १ पर्यंत घसरतो आणि चिवटपणा वाढतो. साच्यातून नुकताच निघालेला कोरडा नायलॉन ठिसूळ असतो, म्हणून क्लिप लगेच बसवायला गेलं की मोडते. ओलावा मुरू द्या, मग बसवा. गिअरला भोकाचं आणि दातांचं अंतर ओल्या मापावर ठरवा, किंवा ॲसिटल घ्या, ते फार थोडं पाणी घेतं. नायलॉन १२ मध्येही बंध विरळ, म्हणून पाणी कमी.

टीपकागद

शेवटची शंका. सगळी टाकाऊ प्लास्टिकं एकत्र वितळवून वस्तू का करत नाहीत? पॉलिथिन आणि पीपी तर सख्खे भाऊ.

साखळी_सुटी

भाऊ आहेत, पण एका घरात नांदत नाहीत. लहान रेणू मिसळतात ते विस्कळीतपणा वाढतो म्हणून. हजारो दुवे एकाच साखळीत बांधलेले असले की मिसळून मिळणारा तो फायदा नगण्य होतो, आणि जराशी नावड पुरते. थंड झाल्यावर पीपीत पॉलिथिनचे थेंब वेगळे राहतात, सीमेवर साखळ्या गुंतलेल्या नसतात, वस्तू ओढली की तिथूनच सुटते. पीईटीत पीव्हीसी आलं तर आणखी वाईट: पीईटी वितळायला लागणाऱ्या तापमानाला पीव्हीसी जळून तपकिरी ठिपके पडतात आणि सुटलेलं आम्ल पीईटीच्या साखळ्या तोडतं.

वेगळं करायला घनता वापरा. तुकडे नखाएवढे कापा, पाण्यात थेंबभर साबण घाला (नाहीतर बुडबुडे चिकटून जड तुकडाही तरंगतो) आणि ढवळा. पॉलिथिन, पीपी तरंगतात. पॉलिस्टायरीन १.०५, पीईटी १.३८, पीव्हीसी १.४ च्या आसपास, हे बुडतात. बुडलेल्यांतून पॉलिस्टायरीन काढायला पाण्यात वजनाने १० टक्के मीठ विरघळवा, ते वर येतं. तरंगलेल्यांसाठी पाणी आणि इथाइल अल्कोहोल आकारमानाने निम्मं निम्मं, घनता ०.९३ च्या आसपास आली का ते हायड्रोमीटरने पाहा: एचडीपीई बुडतं, एलडीपीई आणि पीपी वर राहतात. या मिश्रणाजवळ ज्योत नको. फसवणारे दोन: टाल्क भरलेलं पीपी पाण्यात बुडतं, आणि फेसाळलेलं कुठलंही प्लास्टिक तरंगतं.

कडी_कोयंडा

आणि पीपीचा तुटलेला तुकडा कुठल्याच गोंदाने का चिकटत नाही?

मोल्डवाला

साखळीत फक्त कार्बन-हायड्रोजन, गोंदाला धरायला ध्रुवीय जागाच नाही. पृष्ठऊर्जा ३० च्या आसपास, छपाईला किंवा गोंदाला ३८ डाइन तरी हवी. फिल्मला कोरोना (उच्च दाबाच्या विजेचा मारा) देतात, जाड वस्तूला ज्योत. ज्योत ऑक्सिजन जास्त असलेली, निळी, पिवळी नको. आतल्या निळ्या सुळक्याच्या जरा पुढे पृष्ठभाग ठेवून सेकंदाच्या आत फिरवायची, माल मऊ पडता कामा नये. जमलं की नाही ते पाणी टाकून पाहा: सलग थर पसरला तर झालं, थेंब गोळा झाले तर पुन्हा. त्यानंतर बोट लावू नका आणि त्याच दिवशी चिकटवा, परिणाम हळूहळू उतरत जातो. भार घेणारा जोड असेल तर गोंद सोडा, पीपीचीच पट्टी घेऊन गरम हवेने वेल्ड करा.